वरचा सूर

बिगुलवाला पेशानं नळवाला होता. फौजेतून सुटल्यावर पोटापाण्यासाठी त्यानं पान्हा हातात घेतला आणि पुढची एकतीस वर्षं गावातल्या मोऱ्या, टाक्या आणि तोट्या दुरुस्त केल्या. पण कोणी ‘अहो नळवाले’ अशी हाक मारली की त्याला ती हमखास ऐकू यायची नाही, आणि ‘बिगुलवाले’ म्हटलं की गडी रस्त्याच्या पलीकडून वळायचा. त्याच्या बायकोचं यावर एक ठरलेलं बोलणं होतं. दिवसभर हा लोकांच्या नळात अडकलेला वारा बाहेर काढतो आणि संध्याकाळी आपल्या नळीत भरतो, आणि या दोन्हींच्या मध्ये घरच्या गळक्या तोटीचं वॉशर बदलायला याला काही सवड होत नाही.

ही नळी म्हणजे संघाचा बिगुल. पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत माजी सैनिकांचा सेवा संघ होता. बाहेरच्या खोलीत खुर्च्या आणि चहाची किटली, आतल्या खोलीत कुबड्या, चाकाच्या खुर्च्या आणि एक मोडका पलंग. ज्याच्या घरी माणूस आजारी पडला असेल त्यानं वहीत लिहून सामान न्यायचं आणि बरा झाल्यावर आणून द्यायचं. संघ रक्तदान भरवायचा, शाळेचं कुंपण रंगवायचा, सैनिकांच्या विधवांचे पेन्शनचे कागद लिहून द्यायचा. संघाची एक जुनी गाडी होती, ती गावातल्या आजाऱ्यांना इस्पितळात ने-आण करायची. आणि कोणी माजी सैनिक वारला की संघाची माणसं गणवेश चढवून हजर. चौघं खांदा द्यायला, दोघं निशाणाची घडी करायला, आणि शेवटी बिगुल. बाकीची सगळी कामं इतर कोणी केली असती तरी चाललं असतं. बिगुल मात्र एकाच माणसाचा होता.

त्या माणसाचे कान तोफांनी खाल्ले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षं तोफखान्यात काढलेली. समोर तोंड करून बोललं तर त्याला नीट कळायचं, पण उंच, बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेतच विरून जायचे. दाराची घंटा वाजवून पाहुणे कंटाळून परत जायचे आणि हा आत पेपर वाचत बसलेला. स्वतःचा बिगुलही तो कानांनी ऐकायचा कमी, जबड्याच्या हाडांनी जास्त. खर्जातले सूर छातीत उतरायचे. वरचा सूर नुसता कवटीत झिणझिणायचा; तो सरळ निघाला की फाटला, हे त्याला स्वतःला सांगता यायचं नाही.

त्यासाठी ड्रायव्हर होता. ड्रायव्हर आणि तो एकाच गाडीनं भरतीला गेलेले, एकाच महिन्यात सुटून आलेले. ड्रायव्हरनं फौजेत ट्रक हाकले आणि आल्यावर संघाची गाडी. बायको लवकर गेली, मुलगा नोकरीसाठी समुद्रापार, तेव्हा रविवारचं जेवण बिगुलवाल्याकडे ठरलेलं. तो याला ‘फुंकणी’ म्हणायचा. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर बिगुलवाल्यानं पान्हा फेकून मारला असता.

सात वर्षांपूर्वी बिगुलवाल्याचे वरचे चार दात काढावे लागले आणि तिथे कवळी आली. बिगुल वाजवणाऱ्याचे पुढचे दात जाणं म्हणजे सुताराचा अंगठा जाणं. पण माणूस हट्टी. आठ महिने तो रोज संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभा राहून फुंकत राहिला. कवळी हलायची, ओठ सोलवटायचे. ड्रायव्हर पालथ्या बादलीवर बसून ऐकायचा. शेवटी एके दिवशी ड्रायव्हर म्हणाला, की जमलं, पहिल्यासारखं झालं. तेव्हा बिगुलवाल्यानं बिगुल खाली ठेवला आणि त्याला समोर बसवून सांगितलं, “हे बघ, मला काही ऐकू येत नाही. ज्या दिवशी बिघडेल, त्या दिवशी तू सांगायचंस. दुसऱ्या कोणाचं मी मानणार नाही. तू सांगितलंस की त्याच दिवशी खुंटीला टांगतो.”

ड्रायव्हर म्हणाला, “सांगेन की. तुला काय भितो मी?”

त्यानंतर प्रत्येक अंत्यविधीहून परतताना गाडी सुरू करायच्या आधी ड्रायव्हर किल्ली हातात धरून म्हणायचा, ‘फुंकणी, आज जमलं.’ बिगुलवाला खिडकीबाहेर बघायचा. पण घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त खायचा, हे त्याच्या बायकोनं टिपून ठेवलेलं होतं.

आता संघाच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण घोडं तिथेच पेंड खातं. फार पूर्वी एका सभासदाच्या तिरडीपाशीच त्याच्या दोन मुलांची जुंपली होती, कोणी काय करायचं यावरून. तेव्हापासून संघानं प्रत्येकाकडून एक कागद लिहून घ्यायला सुरुवात केली. खांदा कोणी द्यायचा, निशाणाची घडी कोणी करायची, भाषण कोणी आणि किती वेळ करायचं, बिगुल कसा, असे पाच-सहा प्रश्न. कागद पाकिटात घालून लाखेनं बंद करायचा आणि लोखंडी कपाटात ठेवायचा. माणूस गेला की तीन पदाधिकाऱ्यांसमोर ते पाकीट फोडून एकदाच, मोठ्यानं, शब्दाला शब्द वाचायचं. लिहिलंय तसं करायचं. त्यात काना-मात्रा बदलायची नाही.

वाचायचं काम दोन वर्षांपूर्वी बिगुलवाल्याकडे आलं. आधीचा वाचणारा वारला, आणि सभेत ड्रायव्हरनंच याचं नाव सुचवलं. याचं तोंड बिगुलात अडकलेलं असतं, तेव्हा हा कुठे बोभाटा करणार नाही, असं तो म्हणाला होता आणि सगळे हसले होते.

ड्रायव्हर मंगळवारी गेला. इस्पितळाच्या आवारात, एका म्हाताऱ्याचं डायलिसिस संपायची वाट बघत, गाडीतच. हँडब्रेक ओढलेला होता आणि किल्ली काढून खिशात ठेवलेली होती. तो म्हातारा बाहेर येऊन काचेवर टकटक करत राहिला, तेव्हा कळलं.

बिगुलवाला रडला नाही. त्यानं दुपारी बिगुल काढला, चिंचोक्याएवढा डागही राहू नये असा घासला, जुनी दोरी काढून नवी ओवली. दोन दिवसांनी, मुलगा आला की, अंत्यविधी होता. बिगुलवाल्यानं मनाशी ठरवून टाकलं, की इतरांसाठी वरचा सूर चार मोजेपर्यंत धरतो, याच्यासाठी सहा. छाती फुटली तरी सहा. एवढं एकच त्याच्या हातात होतं आणि ते त्याला नीट करायचं होतं.

संध्याकाळी चार वाजता पाकीट फोडायला चौघं बसले. टेबलाच्या एका बाजूला बिगुलवाला. पलीकडे अध्यक्ष, ज्यांनी फौजेत भांडार सांभाळलं होतं आणि अजूनही माणसांकडे मोजून घेतलेल्या घोंगड्यांसारखं बघत. सेक्रेटरी, पूर्वीचा वायरलेसवाला, ज्याला बातमी पोटात ठेवता यायची नाही. आणि कंपाउंडर, जो कुबड्यांची खोली बघायचा. बिगुलवाल्यानं लाख फोडली, चष्मा लावला आणि वाचायला लागला. खांदा देणाऱ्यांची चार नावं. निशाणाला कंपाउंडर आणि आणखी एक. भाषण सेक्रेटरीनं करावं, तीन मिनिटं, आणि कोणीतरी घड्याळ हातात धरून समोर उभं राहावं. यावर चौघंही हसले. मेला तरी खोड गेली नाही, असं अध्यक्ष म्हणाले.

चौथी ओळ त्यानं आधी डोळ्यांनी वाचली.

कागद त्याच्या हातात होता. पलीकडे बसलेल्यांना त्याची फक्त पाठ दिसत होती. ‘बिगुल आपल्या फुंकणीनं वाजवावा’ हे शब्द तो दुपारपासून मनात घोळवत होता, ते तोंडातून काढले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. कागद परत पाकिटात गेला असता आणि पाकीट कपाटात. एवढा वेळ हा गप्प का, म्हणून सेक्रेटरीनं मान वर केली. बिगुलवाल्यानं शब्दाला शब्द वाचलं.

“बिगुल यंत्रावरचा लावावा. फुंकणीला वाजवू देऊ नये. दात गेल्यापासून त्याचा वरचा सूर फाटतो आणि त्याला ते ऐकू येत नाही. त्याला सांगायचं मला धाडस झालं नाही. संघानं सांगावं.”

खाली सही आणि तारीख होती. तारीख चार वर्षांपूर्वीची.

कोणी ‘काय?’ म्हटलं नाही. कोणी कागद बघायला मागितला नाही. सेक्रेटरी आपल्या बुटांकडे बघत होता, कंपाउंडर पेनाचं टोपण लावत होता, अध्यक्षांनी मान खिडकीकडे वळवली होती. ड्रायव्हरनं लिहिलेलं वाचताना जेवढं लागलं नव्हतं, तेवढं बिगुलवाल्याला या तिघांना धक्का बसला नाही हे बघून लागलं.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला.

अध्यक्ष म्हणाले, माहीत म्हणजे काय, कधी कधी जाणवायचं. ड्रायव्हर बोलला असेल तुझ्याशी असं वाटलं. कंपाउंडर पुटपुटला, की एवढी वर्षं मनापासून करतोय माणूस, त्याचं मन कोणी मोडायचं. सेक्रेटरी, ज्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, त्यानं हे एवढं मोठं मात्र सहा वर्षं पचवलं होतं. कोपऱ्यात ते यंत्र होतं, सुटकेसएवढा स्पीकर. शाळेच्या कार्यक्रमांना लागेल म्हणून संघानं घेतला होता, आणि तो पोस्टाच्या मागच्या पायऱ्यांवरून वर कोणी चढवला होता? यानंच, खांद्यावर घेऊन.

बिगुलवाला म्हणाला, “सहा वर्षांत अडतीस जण गेले. त्यांच्या घरच्यांना काय सांगितलंत?”

“लोक समजून घेतात रे,” अध्यक्ष म्हणाले.

याहून वाईट शब्द आयुष्यात त्याला कोणी ऐकवले नव्हते. फौजेत शिव्या खाल्ल्या होत्या, नळ दुरुस्त करताना लोकांची बोलणी खाल्ली होती, पण त्यात निदान त्याला बाप्या माणूस समजलं होतं. अडतीस घरांनी त्याला समजून घेतलं होतं. आपल्या बापाच्या, नवऱ्याच्या शेवटच्या घटकेला त्यांनी एक फाटका आवाज सोसला होता, का, तर बिगुलवाल्याचं मन मोडू नये. आणि तो त्यांच्या समोरून ताठ मानेनं चालत गाडीकडे गेला होता.

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं. ती भांडी पुसत होती. तिनं फडकं खाली ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली, तेव्हाच त्याला उत्तर कळलं.

“भावोजींनी मला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना. ते म्हणाले, सांगतो. मग दर रविवारी यायचे, जेवायचे आणि जायचे.”

“आणि तू?”

“मला म्हणालात का तुम्ही कधी, की तू सांग? तुम्ही त्यांना म्हणाला होतात.” फडकं परत उचलून ती म्हणाली, “पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा खरं बोलायला तोंड राहत नाही माणसाला.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावून घ्यायचं कोणाला? बायकोशी तो त्या संध्याकाळी एक अक्षर बोलला नाही. पण खरा राग तिच्यावर नव्हता, त्या तिघांवरही नव्हता. अळीमिळी गुपचिळी करणारी माणसं जगात सगळीकडे असतात. ज्याला आपण आपले कान दिले, त्यानं त्या कानांत सहा वर्षं खोटं ओतलं, ही आग होती. आणि वर वाचायचं काम याच्याच गळ्यात बांधून गेला. विसरून केलं असेल? की तोंडानं जमत नाही ते कागदानं व्हावं म्हणून मुद्दाम? त्याला ओढून खाली पाडावं, छातीवर बसावं आणि विचारावं असं बिगुलवाल्याला वाटत होतं. पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तो आपला दगा करून मोकळा होतो आणि वर लोक त्याला फुलं वाहतात.

अंत्यविधीच्या दिवशी सकाळी आठ वाजता अध्यक्ष घरी आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच काहीतरी मागायला आलेत हे दिसलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की यंत्र लागेलच, कागदाबाहेर जाता येणार नाही. पण नुसती पेटी वाजली तर बरं दिसत नाही. लोकांना माणूस दिसायला लागतो. तेव्हा त्यानं नेहमीसारखं गणवेशात, नेहमीच्या जागी उभं राहावं आणि बिगुल ओठाला लावावा. यंत्र फुलांच्या चक्रामागे असेल, सेक्रेटरी बटण दाबेल. कोणाला काही कळणार नाही. कागदात ‘वाजवू देऊ नये’ एवढंच लिहिलंय, धरू देऊ नये असं कुठे लिहिलंय?

चालते व्हा, असं म्हणायला बिगुलवाल्याची जीभ उचलली होती. मग त्याला डोळ्यांसमोर दिसलं, की आपण रांगेत मोकळ्या हातांनी उभे आहोत आणि गाव विचारतंय, अहो, तुम्ही का नाही? दुसऱ्या दिवशी ज्या मोरीत वाकेल तिथे तोच प्रश्न. तो म्हणाला, “किती वाजता?”

अकरा वाजता मैदानावर दोनेकशे माणसं होती. इस्पितळातल्या नर्स आल्या होत्या, तो डायलिसिसवाला म्हातारा काठी टेकत आला होता. सेक्रेटरीनं तीन मिनिटांचं भाषण पाच मिनिटांत संपवलं. निशाणाची घडी झाली. बिगुलवाल्यानं एक पाऊल पुढे टाकलं, बिगुल ओठाला लावला, आणि त्याच्या फुंकेशिवाय सूर सुरू झाले.

जबडा स्वस्थ होता. हाडांत काही झिणझिणत नव्हतं. शेजारच्या घरात कोणीतरी वाजवत असावं तसं काहीतरी त्याला दुरून ऐकू येत होतं. गाल फुगवून तो समोरच्या माणसांकडे बघत राहिला, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आणि वरचा सूर आला तेव्हा त्यानं बघितलं, की माना वर आहेत. सगळ्यांच्या. लोक समोर बघत होते, नर्सच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हाताऱ्यानं टोपी छातीशी धरली होती. गेल्या सहा वर्षांत वरच्या सुराला एकजात सगळ्या माना खाली जायच्या. त्या दुःखानं जातात असं तो समजत होता. कोणी कोणी बुटांकडे बघत ओठ चावायचं, तेव्हा त्याला वाटायचं, आपण या माणसाला रडवलं. पोरं आईच्या पदराआड तोंड लपवायची. ती का लपवायची ते त्याला आता कळलं.

विधी संपल्यावर लोक त्याच्याकडे आले. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, की अंगावर काटा आला. नर्स हात धरून म्हणाली, देवानं काय सूर दिलाय. यांना ठाऊक नव्हतं, यांचं सोडा. पण कंपाउंडरही आला, चार लोकांसमोर पाठीवर हात ठेवून म्हणाला, की शोभलं हो मित्राला. अध्यक्षांनी मान डोलावली. बिगुलवाल्यानं त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तेच तोंड होतं. सहा वर्षं होतं तेच, आणि दात होते तेव्हाही तेच. मग दात असताना तरी यांनी खरं सांगितलं होतं कशावरून? पंचवीस वर्षांच्या वाहवा त्याच्याकडे साठलेल्या होत्या, आणि त्यातली एकही आता तो विश्वासानं हातात घेऊ शकत नव्हता. ड्रायव्हरनं पुढचं हिरावलं ते हिरावलं, मागचंही नेलं.

शेवटी ड्रायव्हरचा मुलगा आला. घडी केलेलं निशाण त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं. नऊ वर्षांनी आला होता, बापासारखंच रुंद कपाळ, तसाच सावकाश बोलणारा. तो म्हणाला, “काका, बाबा फोनवर नेहमी सांगायचे, माझ्या वेळी फुंकणी वाजवणार. तुम्ही शब्द पाळलात.”

म्हणजे पोटच्या पोरालाही तेच सांगत होता. बिगुलवाल्याच्या अंगाची लाही लाही झाली. या पोराला तरी बापाचं खरं रूप कळू दे, निदान एक माणूस तरी आपल्या बाजूनं वाईट वाटून घेऊ दे, असं त्याला झालं. आजूबाजूला लोक होते, त्याची त्यानं पर्वा केली नाही.

“मी वाजवलं नाही,” तो म्हणाला. “यंत्र होतं, त्या फुलांच्या मागे. तुझ्या बापानं तसं लिहून ठेवलं होतं. माझा सूर सहा वर्षं फाटतोय. त्याला सगळं माहीत होतं, आणि दर वेळी मला म्हणायचा, जमलं. फसवलं मला त्यानं.”

मुलानं फुलांच्या चक्राकडे बघितलं. सेक्रेटरी तिथे वाकून वायर गुंडाळत होता. मग त्यानं बिगुलाकडे बघितलं, त्याच्या नव्या दोरीकडे, आणि मग बिगुलवाल्याच्या तोंडाकडे. तो रागावला नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

“मग तुम्ही तो ओठाला लावून कशाला उभे होतात, काका?”

बिगुलवाल्यानं तोंड उघडलं. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यानं तोंड मिटलं. मग कोणीतरी मुलाला हाक मारली, तसा तो निशाण छातीशी धरून गेला.